अर्ज करण्याचा हक्क

नारळ माझ्या दोन्ही हातांत देऊन तुम्ही एक पाऊल मागे सरलात आणि म्हणालात, "बोल." देवळाच्या मंडपात गावातले सगळे पुरुष मांडी घालून बसले होते. गावच्या मुंबईतल्या मंडळाचे तिघे मुद्दाम आले होते, त्यांना सतरंजी दिली होती. बायका बाहेर पायऱ्यांखाली उभ्या होत्या, कारण आपल्याकडे गावकीत बायका बसत नाहीत. आत बाईमाणूस म्हणून मी एकटी, तेरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात. समोर जमिनीवर माझ्या वहीतून फाडलेला एक कागद होता आणि तो उडू नये म्हणून त्यावर तुमचा चष्मा ठेवला होता. नियम मला पाठ होता. देवासमोर नारळ हातात घेतलेला माणूस खोटं बोलत नाही, आणि जो गप्प राहतो त्याने कबूल केलं असं धरतात. घरी तुम्ही मला काहीच विचारलं नव्हतंत. सकाळी आईला सांगितलंत, पोरीला आंघोळ घालून देवळात पाठव, एवढंच.

अप्पा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी तुम्हांला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा दर रविवारी फोन करायचे, तुम्ही पावसाचं आणि भाताचं सांगायचात, मी थंडीचं सांगायचे, आणि तेवढ्यावर आपलं भागायचं. आज दुपारी तात्या येऊन गेले म्हणून लिहायला बसले आहे. गेले आठ दिवस मी गावात आहे, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, तुमच्याच घरात. दादाला मुंबईला सांगितलंय की कौलं चाळायची आहेत. खालच्या खाचरांत भाताची झोडणी चालू आहे. माणसं मला बघून हात करतात. मी का आले ते कुणाला माहीत नाही.

पण आधी तो कागद. काकी तुमच्या सख्ख्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला गोदीत होता, तिथेच गेला, आणि काकी एका पत्र्याच्या ट्रंकेसह परत आली. मूल नाही, अक्षरओळख नाही. आपल्या घराला लागून तिच्या वाटणीच्या दोन खोल्या. त्या साली पंचायतीची निवडणूक होती. गावकीने तुमचं नाव ठरवलं, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी घरटी एकाला बोलावून नारळावर हात ठेवायला लावला, की मत अप्पांनाच. काकीच्या घरात पुरुष नाही म्हणून तिलाही बोलावलं आणि पायरीवर उभं केलं. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "मत पेटीत घालायचं असतं नव्हं? मग नारळाला कशाला सांगू?" मंडपातले लोक हसले. मीही हसले, बाहेर बायकांत उभी होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही निवडून आलात, आणि मग नव्या नळयोजनेचा पाइप तिच्या मागच्या दारापर्यंत आला होता तो उकरून काढून त्याला बूच मारलं. ती खालच्या वहाळावरून पाणी आणायला लागली. तुम्ही रोज ओटीवर बसून तिला चढ चढताना बघायचात.

अर्जाची कल्पना माझी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं की नागरिकाला सरकारकडे दाद मागता येते. मी ते तिच्या चुलीपुढे बसून तिला वाचून दाखवलं. ती तांदळाची भाकरी थापत होती. मी म्हटलं, काकी, तो आपला हक्क आहे. ती म्हणाली, "हक्क? तो कुठं मिळतो गो, पोलादपुरात की महाडात?" मी चिडले. शाळेची सहल महाडच्या तळ्यावर गेली होती, आम्ही तिथल्या पायऱ्यांवर बसून डबे खाल्ले होते, आणि गुरुजींनी सांगितलं होतं की पाणी कुणाच्या बापाचं नसतं. तेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या बापाचं हाय ना पण. मग बराच वेळ भाकरी भाजत राहिली. तिसरी भाकरी उतरवून म्हणाली, लिव. मी चांगल्या अक्षरात लिहिलं. माझा नळ बंद केला आहे. मी कुणाचं वाईट केलेलं नाही. मला पाणी मिळावं. शाई नव्हती म्हणून तिने तव्याखालची काजळी अंगठ्याला लावली आणि माझ्या अक्षरांखाली ठसा उठवला. जरा जास्तच दाबला. काजळी पसरली.

पाकीट तिने तात्यांकडे दिलं. तात्या रोज पहाटे गावाचं दूध कॅनमध्ये भरून पहिल्या एसटीने महाडला न्यायचे, आणि गावातला प्रत्येक कागद त्यांच्याबरोबरच खाली जायचा, मनीऑर्डरीची पावती असो की रेशनकार्ड. कागद न्यायला कुणी नाही म्हणत नाही, आणि कुणी फोडून बघतही नाही, असा आपल्याकडे समज होता. काकीला दुसरा माणूसही नव्हता. ते पाकीट गावाबाहेर गेलंच नाही.

तर मी नारळ धरून उभी आहे. मंडळाच्या तिघांपैकी टोपीवाल्याने विचारलं, हे कुणी लिवलं? मी म्हटलं, मी. त्याने तुमच्याकडे बघितलं. मंडपात कुजबुज झाली, की पुढाऱ्याच्या घरातच भगदाड. मग त्याने विचारलं, कुणाच्या सांगण्यावरनं? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, रागाने नाही. पुस्तकात लिहिलं होतं ते सांगता आलं असतं. माझ्याच मनाने लिहिलं असं सांगता आलं असतं. तेरा वर्षांच्या मुलीला गावकीने काय केलं असतं? दोन थोबाडीत, फार तर. मी म्हटलं, "काकीनं लिवायला लावलं. नाय म्हटलं तर डाग देईन म्हणाली." दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं, आणि उलथण्याचा डाग मला त्या क्षणी दंडावर खरंच जाणवला. काकी बाहेर बायकांत होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण मंडपाला भिंती नाहीत. बाहेरून काहीही आवाज आला नाही.

काकीला वाळीत टाकलं. तिच्याशी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, तिच्या शेतात मजुरीला जायचं नाही, दुकानदाराने तिला मीठ द्यायचं नाही. जो देईल तोही वाळीत. नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तुम्ही मला दिलात. मी तो खाल्ला. मला भूक लागली होती. चार दिवसांनी तुम्ही महाडहून माझ्यासाठी शाईचं पेन आणलंत, मरून रंगाचं, सोनेरी टोपणाचं. देताना म्हणालात, "अक्षर चांगलं हाय तुझं." तुम्ही माझ्यासाठी आणलेली ती एकमेव वस्तू, जी आईने सांगून आणलेली नव्हती. त्या पेनाने मी दहावीची परीक्षा दिली, महाडला कॉलेजात गेले, पुढे मुंबईला साहित्य शिकले. अक्षर अजून चांगलं आहे.

अकरा वर्षं काकी त्या दोन खोल्यांत राहिली. तुम्हांला वाटलं होतं ती वर्षात माहेरी निघून जाईल. गेली नाही. मीठमिरची तिचा भाऊ महिन्यातून एकदा बिरवाडीहून आणून द्यायचा. ती बकरीशी बोलायची, मोठ्याने, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि बकरीला तुमच्या नावाने हाक मारायची, हे तुम्हांला माहीत होतं आणि तुम्ही कधी दाखवलं नाहीत. दहावीत असताना एकदा वहाळ ओलांडताना माझं दप्तर पाण्यात पडलं. ती खाली हंडा भरत होती. हंडा सोडून पाण्यात शिरली, दप्तर उचललं आणि माझ्यापुढे धरलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी हात पुढे केला नाही. ती धरून उभी, मी समोर उभी. शेवटी तिने दप्तर दगडावर ठेवलं, चार पावलं मागे गेली, आणि मग मी ते घेतलं. तिच्या तोंडावर राग असता तर मला चाललं असतं. तिने नुसतं बघून घेतलं, बाजारात एखादी वस्तू उलटसुलट करून परत ठेवतात तसं.

ती गेली तेव्हा मी सुट्टीला घरी आले होते. दोन दिवस तिच्या कौलांतून धूर निघाला नाही. बिरवाडीहून तिचा भाऊ आला. गावातला एकही माणूस खांद्याला आला नाही. त्याच्या चाळीत कारखान्यातले बिहारचे कामगार भाड्याने राहत, त्यांतले चौघे पाळी सोडून आले होते. त्यांना आपला रस्ता माहीत नव्हता. प्रेत घेऊन ते चुकून आपल्याच अंगणातून गेले. तुम्ही ओटीवर होतात. सख्ख्या भावजयीचं सुतक धरायचं का, एवढंच आईने आतून विचारलं. तुम्ही म्हणालात, वाळीतल्याचं सुतक नसतं, आणि पाहिजे तर आज बोंबील तळ, म्हणजे गावाला वास जाईल. आईने तळले. तिच्या हातांवर तेल उडत होतं. मी पाटावर बसून खात होते आणि ती मला वाढत होती, आणि मला तेव्हा तुमचा राग आला होता असं मी पुढे अनेकांना सांगितलं. खरं म्हणजे बोंबील चांगले झाले होते.

मग अमेरिका. तिथे नागरिक होण्याआधी एक मुलाखत असते. अधिकारी समोर बसून घटनेबद्दल प्रश्न विचारतो. पहिल्या दुरुस्तीने दिलेला एक हक्क सांगा, हा त्यातला एक. बहुतेक लोक भाषणस्वातंत्र्य सांगतात. कुणी धर्म सांगतं. मी म्हटलं, सरकारकडे अर्ज करण्याचा हक्क. अधिकारी हसून म्हणाला, हे उत्तर फारसं कुणी देत नाही. मला अभिमान वाटला. काकीची आठवण आली नाही. ती चार तासांनी आली, गाडी चालवताना, आणि मी रेडिओ लावला.

शपथविधीला तुम्ही आलात. गावाला सांगून आलात, की पोरगी अमेरिकेची माणूस होणार. त्या हॉलमध्ये शंभर देशांचे लोक हात वर करून उभे होते आणि तुम्ही मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसला होतात. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हणालात, शपथेला दिलेल्या त्या पुस्तकात काय लिवलंय ते वाच. मी एकेक हक्क मराठीत सांगत गेले. वॉरंट असल्याशिवाय घरात शिरता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. गप्प राहिलं तर त्याचा अर्थ कबुली असा घेता येत नाही. तिथे तुम्ही मला थांबवलंत. "परत वाच," म्हणालात. मी परत वाचलं. तुम्ही चहा बशीत ओतलात, प्यायलात, आणि म्हणालात, "हे सगळं एकट्या माणसासाठी लिवलेलं हाय. जो चौघांत बसतो त्याला याची काय गरज?" मी वाद घातला. माझं शिक्षण माझ्या बाजूने होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तू चौघांतली हायस गो. तुला नाय लागायचं." तुम्ही आशीर्वाद देत होतात असं मला तेव्हा वाटलं.

गेली सहा वर्षं मी दर शनिवारी तिकडच्या आमच्या गावातल्या लायब्ररीच्या तळघरात वर्ग घेते. ज्यांना नागरिकत्वाची परीक्षा द्यायची आहे असे लोक येतात, आणि अलीकडे, ज्यांना फक्त आपल्या दारात उभं राहायला शिकायचं आहे असेही. त्यांना मी एक कार्ड वाटते. इमिग्रेशनची माणसं आली तर दार उघडू नका. कागद दाराखालून सरकवायला सांगा. त्यावर न्यायाधीशाची सही आहे का बघा. सही नसेल तर दार उघडायची सक्ती नाही. गप्प राहा, तो तुमचा हक्क आहे, तुम्ही नागरिक नसलात तरी. आम्ही हे नाटक करून बघतो. मी दार वाजवते, धमकावते, गोड बोलते, आणि ते उघडत नाहीत. माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी ग्वाटेमालाची बाई त्या वर्गात सर्वांत हुशार. साठीची आहे, शाळेच्या कँटीनमध्ये काम करायची, मला माएस्त्रा म्हणायची, म्हणजे बाई. मक्याच्या पानांत बांधून उकडलेला एक पदार्थ करून माझ्या दाराशी ठेवायची, आपल्या पातोळ्यांसारखा दिसणारा, तिखट. तिचे कागद सात वर्षं कुठल्यातरी कचेरीत पडून होते. वर्गात मी दारामागून कितीही ओरडले तरी ती बाकावर हाताची घडी घालून बसायची आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे.

दीड महिन्यापूर्वी मी सामान घेऊन घरी आले तर तिच्या दाराशी चौघे उभे होते, अंगात जाकिटं, तोंडावर पट्ट्या. ते पाऊण तास दार वाजवत होते. ती उघडत नव्हती. त्यांचा कागद अर्धा दाराखाली होता आणि अर्धा बाहेर, आणि जाता जाता मी वाकून वाचला. न्यायाधीशाची सही नव्हती. त्यांच्यातला एक माझ्याशी फार आदबीने बोलला. त्याने काही विचारण्याआधीच मी म्हटलं, मी नागरिक आहे, आणि पर्समधून पासपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो मागितला नव्हता. त्याने तो बघितलाही नाही. म्हणाला, तुम्ही हिला ओळखता का? मी म्हटलं, माझी विद्यार्थिनी आहे. मग म्हणाला, तुम्ही हाक मारली तर ती उघडेल, आम्हांला फक्त दोन मिनिटं बोलायचं आहे. जिना मोकळा होता. मला वर जाता आलं असतं. मला नाही म्हणता आलं असतं. तेही मीच शिकवते. हातातली पिशवी खाली ठेवून मी दार वाजवलं आणि म्हटलं, "मी आहे. उघड." तिने लगेच उघडलं. हाताला मक्याचं पीठ लागलं होतं. तिने आधी मला बघितलं, मग त्यांना, मग पुन्हा मला. त्यांनी तिला हात धुऊ दिले नाहीत.

तिला दोन राज्यं सोडून एका तुरुंगात ठेवलंय. तिच्या मुलीने वकीलीणबाई केली आहे. मुलीला कळलंय की आई दाराशी गेली ती कुणाचीतरी हाक ऐकून, कुणाची ते माहीत नाही. शनिवारच्या वर्गात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पण वकीलीणबाई शेजारपाजारी विचारत विचारत माझ्यापर्यंत आली. ती म्हणते, सही नसलेला कागद दाखवून आणि विद्यार्थिनीला बाईंकरवी हाक मारायला लावून दार उघडवलं, हे जर मी लिहून सही करून दिलं तर सुनावणीत सांगायला काहीतरी राहील. नाही दिलं तर विमान ठरलेलं आहे. मी म्हटलं, मला भारतात तातडीने जायचंय, घराचं काम आहे. इथे आल्यावर तिने दोनदा फोन केला. काल मी उचलला. ती थकलेल्या आवाजात म्हणाली की उद्या रात्री, म्हणजे आपल्या परवा सकाळी सातला, ती शेवटचा फोन करील, मी सांगीन ते लिहून घेईल, मी फोनवरच सही करू शकेन, आणि त्यांच्या सकाळी ते दाखल होईल. सक्ती नाही, म्हणाली. नकार द्यायचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. ती उद्याची सकाळ.

आणि आज दुपारी तात्या आले. नव्वदीला टेकलेत, काठी आहे, डोळ्यांत मोतीबिंदू. ओटीवर बसले, चहा घेतला, गुडघ्याला लावायचा अमेरिकेचा मलम मागितला. मग विचारलं, "तिकडं पण वाळीत टाकतात का गो?" मी म्हटलं, नाही, तिकडे घरातून उचलून नेतात आणि देशाबाहेर टाकतात. ते विचार करून म्हणाले, "म्हंजी बरं हाय की. आपल्याकडं घरातच ठेवून मारायचे." आणि खोकला येईपर्यंत हसले. आता वाळीत टाकलं तर गुन्हा आहे, कायदा झालाय, असं मी सांगितलं. त्यांना माहीत होतं. आता तोंडाने ठराव करत नाहीत, म्हणाले, मंडळाच्या व्हॉट्सॲपवरनं एखाद्याचं नाव काढून टाकतात, लोक आपोआप समजतात. मग काठी फिरवत काकीच्या पडक्या खोल्यांकडे बघत त्यांनी पाकिटाचं सांगितलं. पहाटे एसटीची वाट बघताना तुम्ही तिथे आलात, त्यांनी पाकीट तुमच्या हातात दिलं, तुम्ही कंदिलाशी धरून वाचलंत. "बघितल्याबरोबर म्हणाला, हे आमच्या पोरीचं अक्षर. मी म्हटलं, मग चुलीत घाल. घरची गोष्ट गावात कशाला काढतोस? तर म्हणाला, नाय. नारळ तिच्याच हातात देऊ. ती काकीचंच नाव घेईल. मी म्हटलं, नि नाय घेतलं तर? पोर हाय, खरं बोलली तर तुझीच अब्रू जाईल. तर म्हणाला, घेईल. माझी पोर हाय ती."

तात्या हे कौतुकाने सांगत होते. तुझा बाप माणसं वळखायचा, म्हणाले. मलम दोन डब्या दे, एक म्हातारीला. मी दोन दिल्या आणि त्यांना हात धरून पायऱ्या उतरवल्या. मग आत आले आणि लिहायला बसले.

मला तुम्हांला विचारायचं होतं की तेरा वर्षांच्या मुलीत तुम्हांला असं काय दिसलं होतं. पानं भरली तरी तो प्रश्न मला नीट मांडता आला नाही, कारण उत्तर मला माहीत आहे आणि ते ऐकून मी काही वेगळं करीन असं मला वाटत नाही. खालच्या मजल्यावरच्या त्या बाईला तिथे आज सकाळ झाली असेल. ती साक्षीची वाट बघत असेल, कुणाची ते तिला माहीत आहे. तिने अजून मुलीलाही माझं नाव सांगितलेलं नाही. का सांगितलं नाही ते मला कळत नाही, आणि ते मला सर्वांत जास्त छळतं. हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे, कुणाला सापडलं तर काय घ्या. एक गोष्ट मात्र राहिली. तात्यांनी तुमचे शब्द सांगितले, माझी पोर हाय ती, तेव्हा मला बरं वाटलं. तुम्ही माझ्या तोंडावर तसं कधी म्हणाला नव्हतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते, फोन सुपाशेजारीच होता. तो तीनदा वाजून थांबला. साडेआठला मी वकीलीणबाईंना मेसेज पाठवला, की इथे डोंगरात रेंज मिळत नाही, माफ करा. तो लगेच पोचला.